हरवलेला खर्ज : नारोशंकराच्या घंटेपासून दहा बाय दहाच्या स्टुडिओपर्यंत

१/२२
नाशिकचा इतिहास डोळ्यांनी भरपूर पाहिला गेला आहे. लेण्यांतले शिलालेख वाचले गेले, घाटांची चित्रे काढली गेली, वाड्यांची छायाचित्रे झाली. या शहराचा आवाज मात्र फारसा नोंदला गेलेला नाही आणि त्यातही खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, जवळजवळ नाहीच. आज तो टिपण्याचे काम घरोघरीच्या छोट्या स्टुडिओंकडे आले आहे. ते काम नीट होते आहे का, हा या धाग्याचा विषय.

२/२२
प्रारंभ गोदाकाठच्या एका घंटेपासून. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी उत्तर कोकणात पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम चालवली. मे १७३९ मध्ये वसई पडली. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत पोहोचल्या. पंचवटीत सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या तटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे वर्ष कोरलेले आहे.

३/२२
नाशिककरांच्या बोलण्यात ही घंटा पुराचे माप म्हणून आजही येते. दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला आणि पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत चढले का, या दोन प्रश्नांत गोदावरीचा पूर मोजला जातो. पण घंटा ही मुळात ऐकण्याची वस्तू. तिच्याकडे कानाने पाहिले, तर ध्वनिशास्त्राचा एक जुना वाद समोर येतो.

४/२२
युरोपीय घंटेवर ठोका पडला की एक स्वर उमटत नाही, अनेक उमटतात. सर्वांत खालचा मंद गुंजारव दीर्घकाळ टिकतो. वरचे स्वर चमकून विरतात. हे स्वर एकमेकांशी जुळवून घेण्याची कला सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये फ्रांस्वा आणि पीटर हेमोनी या बंधूंनी सिद्ध केली. १६४४ मध्ये झुटफेन येथे त्यांनी सुरेल घंटांचा संच उभारला.

५/२२
चमत्कार असा की, ठोक्याबरोबर कानाला जो मुख्य स्वर जाणवतो, तो घंटेच्या धातूत त्या कंपनसंख्येने कंप पावत असतोच असे नाही. वरच्या काही स्वरांच्या परस्परसंबंधावरून मेंदू तो स्वर स्वतः रचतो. १८४१ मध्ये ऑगस्ट झेबेक यांनी सायरनवर प्रयोग करून असा ‘नसलेला’ मूळ स्वर ऐकू येतो, हे दाखवले. १८४३ मध्ये गेओर्ग ओम यांनी त्याला विरोध केला. १८६३ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी ओम यांचीच बाजू घेतली आणि झेबेक मागे पडले.

६/२२
सुमारे शंभर वर्षांनी, १९४० च्या सुमारास, डच शास्त्रज्ञ स्खाउटेन यांनी झेबेक यांचे निरीक्षण पुन्हा उभे केले. या वादाचा आजच्या घरगुती स्टुडिओशी थेट संबंध आहे. मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून ढोलाचा खर्ज ‘ऐकू येतो’, तो याच कारणाने. तिथे खर्ज नसतो. वरच्या स्वरांवरून कान तो भरून काढतो. त्यामुळे मोबाइलवर ऐकून खालचा स्वर ध्वनिमुद्रणात आहे की नाही, याचा निवाडा करता येत नाही.

७/२२
भारतीय वादकांनी खालच्या स्वरांवर किती बारकाईने विचार केला होता, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात; म्हणून बहुतेक चर्मवाद्यांतून नाद कमी आणि धडधड अधिक निघते. मृदंग व तबल्याच्या मध्यावरची शाई कातड्याचे वजन अशा रीतीने वाढवते की, ते स्वर पटीत येऊन बसतात. रामन आणि शिवकाली कुमार यांचा याविषयीचा निबंध १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला; १९३४ मध्ये रामन यांनी त्याचा विस्तार केला.

८/२२
म्हणजे डग्ग्याचा घुमारा हा अपघात नव्हे; ती पिढ्यान्‌पिढ्या कानाने केलेली अभियांत्रिकी आहे. पण हा घुमारा यंत्रात उतरवायची वेळ आली, तेव्हा यंत्र अपुरे पडले. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आले, तेव्हा विद्युत मायक्रोफोन वापरात नव्हते. गाणारा कर्ण्यात गाई, कर्ण्याच्या टोकाचा पडदा हले आणि सुई मेणात खाच पाडी. या पद्धतीत सुमारे १५० हर्ट्‌झच्या खालचे फारसे काही टिकत नसे.

९/२२
अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका याच युगातल्या. त्या ऐकून आजचा तरुण श्रोता कधी म्हणतो, ‘त्या काळचा ठेका किती किरटा!’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. ठेका किरटा नव्हता. कर्णा बहिरा होता. साधनाने जे टिपले नाही, ते त्या काळात नव्हतेच असे मानणे, ही इतिहासाच्या अभ्यासातली मोठी चूक ठरते.

१०/२२
१९२५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. अमेरिकेत विद्युत ध्वनिमुद्रण बाजारात आले आणि खालचे स्वर पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट उतरू लागले. त्याच वर्षी चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी फिरत्या वेटोळ्याच्या स्पीकरचा निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, ही रचना आजच्या बहुतेक सबवूफरांतही तत्त्वतः तीच आहे.

११/२२
तरीही तबकडीची मर्यादा राहिली. खालचा स्वर मोठ्या आवाजात कोरला की खाच इतकी रुंद होते की शेजारच्या खाचेला भिडते. म्हणून खर्ज मुद्दाम दाबून कोरायचा आणि वाजवताना तेवढाच उचलायचा, असा मार्ग निघाला. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत त्याचे प्रमाण ठरले. त्यानुसार ५० हर्ट्‌झचा स्वर मध्यम स्वरांच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल दाबला जातो. खर्ज हा असा दीर्घकाळ तडजोडीचा धनी राहिला.

१२/२२
सबवूफर ही संकल्पना चित्रपटगृहांनी लोकप्रिय केली. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या हॉलिवूडपटासाठी ‘सेन्सराउंड’ ही भूकंपाची थरथर निर्माण करणारी यंत्रणा बसवली गेली. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटलमध्ये खर्जासाठी स्वतंत्र वाहिनी आली, ‘५.१’ मधला तो ‘.१’. दरम्यान, १९६१ मध्ये नेव्हिल थील यांनी आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात पेटी आणि स्पीकर यांचे गणित मांडले. त्यामुळे लहान पेटीतून ठरवून खर्ज काढणे शक्य झाले.

१३/२२
पेटीचे गणित सुटले. खोलीचे सुटले नाही. आजची उलटी रीत इथेच सुरू होते. घरात स्टुडिओ करणारा तरुण प्रथम सबवूफर घेतो, मग अधिक वॅटचा घेतो आणि तरी ढोल ‘बसत नाही’ म्हणून आणखी मोठा शोधतो. या धाग्याचे स्पष्ट मत असे की, घरगुती स्टुडिओत खर्ज मुख्यतः खोली ठरवते. खोली समजून न घेता घेतलेला सबवूफर दोष दूर करत नाही. तो दोष मोठ्याने वाजवतो.

१४/२२
गणित साधे आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्‌झची एक लहर ८.६ मीटर लांब. ती लहान खोलीत मावत नाही. भिंतींवर आपटून स्वतःवरच परत येते. दोन समांतर भिंतींमधले अंतर अर्ध्या लहरीइतके असेल, तिथे स्थिर लहर उभी राहते. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर अंतराला हा स्वर सुमारे ५६ हर्ट्‌झचा येतो. १२ फुटांना सुमारे ४७ हर्ट्‌झ.

१५/२२
शहरातल्या सदनिकेची ‘दहा बाय दहा’ची खोली घेतली आणि छतही दहा फुटांच्या आसपास असले, तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही दिशांचे स्वर ५६ हर्ट्‌झवरच येऊन पडतात. पुढचे तिन्ही ११३ वर. खोली जणू दोन-तीन स्वरांचीच गायिका होते आणि बाकीचे स्वर गिळते. मोठ्या चर्मवाद्याचा मूळ स्वर ५० ते १०० हर्ट्‌झच्या टापूत पडू शकतो. ढोलाची आणि खोलीची गाठ नेमकी इथेच पडते.

१६/२२
तुलनेसाठी त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी पाहावीत. तिसऱ्या क्रमांकाच्या, गौतमीपुत्राच्या शिलालेखासाठी प्रसिद्ध असलेल्या विहाराचे दालन सुमारे ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल आहे. तिथल्या आडव्या दिशांचे पहिले स्वर १२ ते १४ हर्ट्‌झवर येतात, म्हणजे ऐकण्याच्या मर्यादेच्याही खाली. ऐकू येणाऱ्या खर्जात त्या दालनाचे स्वर दाट आणि एकमेकांजवळ असतात. दगडामुळे नाद लांबतो खरा, पण एकच स्वर टोचून उठण्याची शक्यता कमी. मोठ्या जागेला खर्ज उदार असतो, लहान जागेला कंजूष.

१७/२२
वाड्यांचाही विचार करावा. लाकडी तक्तपोशी, लाकडी जमीन, उघडा चौक, अनेक दारे-खिडक्या. लवचीक लाकूड खालच्या स्वरांबरोबर किंचित हलते आणि त्यांची ऊर्जा खाते. उघड्या दारातून खर्ज बाहेर निघून जातो. आजच्या सदनिकेत काँक्रीटच्या भिंती, फरशी आणि बंद खिडकी. तिथे खर्जाला जायला वाट नाही. जुन्या घरांची स्तुती करण्याचा हा प्रयत्न नाही. एवढेच की, बांधकाम बदलले तसे शहराच्या घरांचे कानही बदलले.

१८/२२
याचा परिणाम ध्वनिमुद्रणावर कसा होतो? खोलीच्या अगदी मध्यावर बसणाऱ्याला ते ५६ हर्ट्‌झ जवळजवळ ऐकूच येत नाहीत, कारण स्थिर लहरीचा दाब तिथे सर्वांत कमी असतो. तो खर्ज वाढवतो. दुसऱ्याच्या घरी तोच ढोल घों-घों करतो. भिंतीला पाठ लावून बसणाऱ्याला तोच स्वर फुगलेला वाटतो. तो खर्ज कापतो आणि ढोलाचा डबा होतो. दोघांचा कान चांगला, हेतू चांगला. साक्ष मात्र खोटी.

१९/२२
उपायांत एक लोकप्रिय भ्रम आहे : भिंतीवर दोन इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे. ८.६ मीटरच्या लहरीला दोन इंचांचे भान नसते. फोम वरचे स्वर खातो आणि खोली आणखी मंद, आणखी घुमणारी वाटते. त्याऐवजी कोपऱ्यांत चार-सहा इंच वा त्याहून जाड खनिज लोकर, मागे हवेची पोकळी ठेवून. खुर्ची मध्यावर नको. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या सुमारे ३८ टक्के अंतरावर ठेवून प्रारंभ करावा. सबवूफर तात्पुरता खुर्चीच्या जागी ठेवून, जमिनीलगत रांगत खर्ज जिथे सर्वांत सारखा ऐकू येईल, तिथे तो मांडावा. शक्यतो चौरस खोली टाळावी. आणि मोजावे, मोजण्याचा साधा मायक्रोफोन मोठ्या सबवूफरपेक्षा स्वस्त पडतो.

२०/२२
एक आक्षेप रास्त आहे : ‘सगळे मोबाइलवरच ऐकतात; मग एवढा खटाटोप कशाला?’ उत्तर इतिहासात आहे. कर्ण्याच्या काळातल्या श्रोत्यांकडेही खर्ज ऐकवणारे यंत्र नव्हते. पण जे तबकडीत उतरलेच नाही, ते आज लाखो रुपयांच्या यंत्रावरही परत येत नाही. ऐकण्याचे साधन पुढे सुधारते. मूळ नोंद सुधारत नाही. दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा, आणि तो अधिक रास्त. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात, ते १९३३ च्या फ्लेचर-मन्सन संशोधनाच्या वळणाचे; त्यात ५० हर्ट्‌झच्या नादातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. मापक शांत असतो आणि शेजारच्या कपाटाची काच थरथरत असते. नियमात बसणे म्हणजे शेजाऱ्याची झोप राखणे नव्हे. हलक्या आवाजात काम करणे आणि रात्री हेडफोन वापरणे, हा स्टुडिओचा भाग मानला पाहिजे.

२१/२२
आता पणाला काय लागले आहे, ते पाहू. नाशिक ढोल हे नाव आज केरळपासून किनारी कर्नाटकापर्यंत मिरवणुकांत ऐकू येते. ढोलाचे रूपही बदलते आहे. कातड्याच्या पानांची जागा मोठ्या प्रमाणावर कृत्रिम पानांनी घेतली आहे. पान बदलले की नाद बदलतो. रस्त्यावर गाडीवर रचलेल्या सबवूफरांच्या भिंती त्याच्या शेजारी उभ्या आहेत. त्यांच्या गोंगाटात वाढलेला कान ढोलाकडूनही तसाच एकसुरी धक्का मागू लागतो आणि घरच्या स्टुडिओत बसलेला तरुण नकळत तो पुरवतो. पन्नास वर्षांनी कोणी ऐकेल, तेव्हा त्याला नाशिकचा ढोल ऐकू येईल की दहा बाय दहाची खोली?

२२/२२
म्हणून घरगुती स्टुडिओने स्वतःला दफ्तरखाना समजावे. जुन्या दफ्तरातला कागद जसा तारीख, ठिकाण आणि लिहिणाऱ्याच्या नावाशिवाय अर्धा मुका असतो, तसेच ध्वनिमुद्रणाचे. ढोल कोणत्या पानाचा, व्यास किती, टिपरू कुठल्या बाजूला, मायक्रोफोन किती अंतरावर, खोली केवढी की उघडे मैदान, एवढ्या चार ओळी प्रत्येक नोंदीसोबत राहाव्यात. शक्य असेल तेव्हा ढोल मोकळ्या जागेतच टिपावा आणि खर्ज न छाटलेली मूळ प्रत जपून ठेवावी. वसईहून आलेली घंटा पूर सोसूनही तटावर टिकली, कारण ती धातूची होती. ढोलाचा नाद हवेचा आहे. तो टिकायचा तर कोणाला तरी आधी आपल्या खोलीचा आवाज ओळखावा लागेल आणि मगच सबवूफरच्या दुकानाची पायरी चढावी लागेल.

(समाप्त)